तीनाची पाऊणपट

सातवीत असताना आमच्या शाळेत पालकसभा झाली आणि माझे वडील शेतातून थेट तिथे आले. पायांवरचा चिखल अर्धवट धुतलेला. गुरुजी म्हणाले, "मुलगी हुशार आहे, पण घरी कुणीतरी अभ्यास घ्यायला हवा." बाबा चौथी शिकलेले. मी शरमेनं खाली बघत होते. ते शांतपणे म्हणाले, "मला शिकवायला येत न्हाय गुरुजी. विचारायला येतं. तेवढं करीन."

वर्गात कुणीतरी हसलं. वाटेत मी बाबांच्या दहा पावलं पुढे चालत राहिले.

आमची भातशेती अलिबाग-रेवसच्या मधल्या खाडीला लागून होती. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बांध. बांध शाबूत तर भात, नाहीतर खारं पाणी आत. हे गावात लहान पोरालाही माहीत होतं, मलाही. पण ते गावातलं माहीत असणं होतं. अभ्यासाशी त्याचा संबंध असतो असं मला कधी वाटलं नव्हतं.

त्या वर्षी गणपतीच्या तोंडावर आठवडाभर पावसानं उघडीप दिली आणि आमच्या शेताचा एक कोपरा पिवळा पडायला लागला. पात्यांची टोकं भाजल्यासारखी वाळलेली. शेजारचे चुलतकाका बघून म्हणाले, "करपा हाय. आजच फवारा मार. उद्या सगळं शेत खाईल."

बाबांनी मान डोलावली, पण फवारा काढला नाही. दुसऱ्या दिवशी हरतालिका होती, शाळेला सुट्टी. सकाळीच त्यांनी मला हाक मारली, "बाय, चल जरा. तुझं काम हाय."

कोपऱ्यापाशी उभं करून त्यांनी विचारलं, "पिवळं कुठं जास्त, कुठं कमी?"

मी बघितलं. बांधाच्या बाजूला जास्त, आत येत येत कमी होत गेलेलं.

"काका म्हणतो रोग. रोग बांधाकडूनच कशाला येईल?"

मला पुस्तकातलं करप्याचं वर्णन पाठ होतं. ते मी घडाघडा म्हणून दाखवलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते बरोबर असंल. पण इथलं सांग."

मग मी वाकून तिथल्या पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. खारट! शेताच्या मधलं पाणी चाखलं, ते जवळजवळ गोडं. मी ओरडलेच, "बाबा, खाडीचं पाणी येतंय!"

"असंल. पण बांध तर कुठं फुटलेला दिसत न्हाय. मग कसं शोधशील?"

मी विचार करत राहिले. ते घाई करत नव्हते. बांधावर बसून तंबाखू मळत होते. शेवटी मी म्हटलं, "भरतीला पाणी चढेल तेव्हा बघायचं."

"आज भरती कधी?"

"मला काय माहीत?"

"आज तिथी कोणती?"

"तृतीया."

"तीनाची पाऊणपट किती?"

अपूर्णांकांच्या धड्यात मला पैकीच्या पैकी गुण होते. तरी तिथे, चिखलात उभी राहून, मला बोटं मोजावी लागली. "सव्वादोन."

"मग सव्वादोनला भरती. आपले कोळी असंच काढतात."

त्या क्षणी मला काय वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. पाऊणपट या गोष्टीचा समुद्राशी काही संबंध असू शकतो!

दोनच्या सुमारास आम्ही पुन्हा गेलो. खाडी चढत होती. मी बांधाच्या आतल्या बाजूनं वाकून चालत होते आणि एके ठिकाणी गवताखाली गढूळ पाण्याचे बुडबुडे दिसले. चिंबोरीचं, म्हणजे खेकड्याचं बीळ होतं. बाबांनी पाणी ओसरू दिलं, मग बीळ खणून मोकळं केलं आणि त्यात पेंढा मिसळलेली चिकणमाती ठोकून भरली. माती ठोकायला काकाही आले. बाबा त्यांना एवढंच म्हणाले, "पोरीनं शोधलं."

चार दिवसांनी पाऊस आला, त्यानं खार बराचसा धुऊन नेला. कोपऱ्यातलं निम्मं भात वाचलं, निम्मं गेलं. बाकीच्या शेताला काही झालं नाही.

बाबांनी पुढेही कधी माझी वही उघडून पाहिली नाही. जेवताना विचारायचे, "आज काय कळलं?" "काय शिकलीस" असं नाही. मी काही सांगितलं की म्हणायचे, "ते खरं हाय हे तुला कसं कळलं?" या एका प्रश्नानं मला किती छळलं! आणि मला वाटतं, मी जे काही शिकले ते त्याच छळातून.

आता मी अलिबागच्या एका शाळेत गणित शिकवते. पालक येतात, चांगली शिकवणी कुठली ते विचारतात, मोबाइलवरचे गुण दाखवतात. त्यांची काळजी खोटी नसते. मी त्यांना म्हणते, घरी उत्तर सांगू नका, विचारा. काहीजण ऐकतात.

पण खरं सांगायचं तर मला स्वतःला ते जमत नाही. माझी मुलगी एखाद्या गणितावर पाच मिनिटं अडली की माझा हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. तिला विचार करू देत शांत बसणं फार अवघड आहे. चौथी शिकलेला एक माणूस, अख्खा कोपरा वाळत असताना, ते कसं करू शकला, याचं मला दरवेळी नव्यानं नवल वाटतं.