वंगणातली राख

अक्षर माझं गिचमिड आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथीनंतर पाटी सुटली. ही वही माझ्यापुरतीच, तरी कुणाच्या हाती पडली तर सांभाळून घ्यावं.

निजामाच्या राज्यात आमच्याकडं मोटार होती, हे आता नातवंडांना खरं वाटत नाही. धारूरच्या एका कापडवाल्याकडून चारशे हाली रुपये, म्हणजे निजामाच्या नाण्यातले, उचलून मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, ती जुनीच घेतली होती. बाजाराच्या दिवशी सिरसाळ्याला, दिंद्रुडला माणसं न्यायची आणि त्यातून महिन्याला हप्ता द्यायचा. दोन हप्ते चुकले की मोटार कापडवाल्याच्या दारात, असा कागद झाला होता. एक चुकला होताच.

त्यातच पुढचं चाक घरघरू लागलं. मालकांनी अंगणात जॅक लावून एकेक चाक उचललं आणि हातानं फिरवलं. डावं गुपचूप फिरलं. उजवं करकरलं, वर-खाली धरून हलवलं तर डुगडुगलं.

मामंजींचा सगळा जन्म बैलगाडीवर गेलेला. ते म्हणाले, "कावून एवढा इचार करतूस? कोरडं पडलंय. परवा ह्याच चाकाला मी वंगण घातलंतं, आजून घाल."

"आबा, ही गाडी न्हाई, मोटार हाय."

"चाक ते चाकच की बे!"

मी दाराआड भाकरी थापत होते. वंगण म्हटल्यावर हात थांबला. गाडीचं वंगण मीच करायचे. एरंडेलात जळक्या काडाची राख खलायची, म्हणजे ते दाट होतं आणि आखावरून गळत नाही. लाकडाच्या चाकाला ते चालतं. पण मोटारीच्या चाकात पोलादाचे छर्रे असतात, असं मालकांनी मला एकदा सांगितलं होतं. आणि तो आवाज जात्यात खडा गेल्यासारखाच होता.

सासऱ्यांसमोर बोलायची रीत नव्हती, त्यांची चूक काढणं तर लांबच. मी आत्याबाईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, कानाशी लागले.

आत्याबाई मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलंत का? सून म्हणती, वंगणात राख हाय, ती छर्‍याला खातीया."

मामंजी चार हातांवर होते. माझं बोलणं त्यांना आधीच ऐकू गेलं असणार. तरी आत्याबाईंचं होईस्तोवर ते आभाळाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "सुनंला इचारा, आता काय करावं?"

"आये, तू तर तारघरच झालीस की!" मालक हसले.

मी हळूच सांगितलं, घासलेटनं धुऊन बघावं.

चाक खोललं. परातीत छर्रे धुतले, तर तळाशी काळा रवा बसला. चिमटीत घेऊन पाहिला, माझीच राख. दोन छर्‍यांना खड्डे पडले होते. मामंजींनी ते तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिले. मग पटका बांधला, गाडी जुंपली आणि नवं बेरिंग आणायला स्वतः बीडला गेले. पाचव्या दिवशी बेरिंग आणि ग्रीसचा डबा घेऊन आले. बाजार एकच बुडाला. हप्ता कसाबसा गेला, पण गेला.

अजूनही दारावरून मोटार गेली की भाकरी टाकता टाकता माझे कान तिच्या चाकांकडं जातात. ते अंगण, ती परात, उन्हात वाळत घातलेले छर्रे, सगळं जवळ येतं.

पुढं दीड वर्ष ती मोटार बाजार करत राहिली. शेवटचे वीस रुपये मालकांनी धारूरला मोजून दिले, आणि कापडवाल्यानं चारशेचा कागद त्यांच्यासमोर फाडला.