भोंग्याआधीचा तळहात

दुपारचा भोंगा व्हायची वेळ आली की आपा हातातली सुई गादीत खुपसायच्या आणि समोर बसलेल्या भावाला तळहात दाखवायच्या. "येऊ दे. वाजते अन् जाते."

एकोणीसशे साठच्या आसपासची ही गोष्ट. मी दिग्रसला कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कारकून होतो. जिनिंगच्या भिंतीला लागूनच आपांचं घर. त्या गाद्या-रजया भरून द्यायच्या. सारा मोहल्ला त्यांना आपा, म्हणजे थोरली बहीण, म्हणायचा, वयाने मोठे असलेले आमचे मॅनेजरसुद्धा. अशी एखादी आपा तुम्हीही पाहिली असेल.

भाऊ बाबू तिशीतला, ताडमाड. बोलणं मोजकं, नजर कापसावर. आज अशा माणसांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा आमच्याकडे 'वेडा' हा एकच शब्द होता. जिनिंगचा भोंगा झाला की तो भिंतीवर डोकं आपटायचा आणि धरायला जाणाऱ्याला चावायचा. एका गाडीवानाचं मनगट त्याने फोडलं, तेव्हा वडीलधारी मंडळी आपांकडे गेली. याला नागपूरच्या पागलखान्यात ठेवा, नाहीतर बांधून तरी ठेवा, म्हणाली.

"बांधलं तं दोरी सांभाळन त्याले," आपा म्हणाल्या. "तो सोताले कवा सांभाळन? एक हंगाम द्या मले."

हंगाम मिळाला. भोंग्याआधी त्या तळहात दाखवायच्या, मग त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत पिंजलेल्या कापसाच्या ढिगात दाबून धरायच्या. आवाज थांबला की सोडायच्या. पुढे त्या नुसता खांदा दाबू लागल्या, मग लांबूनच तळहात. रागावणं नाही, लाडीगोडी नाही. माझ्यासारख्या उतावळ्याला ते बघवत नसे. पण दिवाळीनंतर बाबू तळहात दिसताच आपला आपण कापसात हात घालू लागला.

मग आम्हा भल्या माणसांना दया आली. रमजान ईदला तरी त्याला त्रास नको म्हणून शेजाऱ्यांनी मॅनेजरला गळ घातली आणि त्या दुपारी भोंगा वाजलाच नाही. बाबू कापसात हात घालून वाट पाहत बसला. आम्ही शिरखुर्मा खात एकमेकांकडे कौतुकाने पाहत होतो. एकाएकी तो ओरडत उठला आणि त्याने भिंतीवर डोकं फोडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आपा पहिल्यांदाच जिनिंगमध्ये आल्या. भांडल्या नाहीत.

"साहेब, भोंगा वाजू द्या," म्हणाल्या. "जो आलाच नाई, तो जाईन कसा?"

भोंगा पुन्हा सुरू झाला आणि बाबूही हळूहळू सावरला. नागपूरचं नाव मागे पडलं, पण ते कोणी विसरलं नव्हतं.

दोन-तीन वर्षांनी, ऐन हंगामात, तापाने आपा गेल्या. जनाजा दुपारी निघायचा होता. मान म्हणून आज भोंगा बंद ठेवू का, असं मॅनेजरने मला विचारलं. मी म्हणालो, वाजू द्या. म्हणालो खरा, पण आपांच्या अंगणात उभा राहिल्यावर सारखा घड्याळाकडे पाहत होतो. आज बाबू बिथरला तर उद्या नागपूर, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. चार तगडे गडी त्याच्या मागे उभे केले होते.

भोंगा वाजला. बाबूने आपांच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. गडी पुढे सरकले, तसा त्याने वळून त्यांनाच तळहात दाखवला.

"येऊ दे. वाजते अन् जाते."

तो कापसाच्या ढिगापाशी गेला आणि हात खुपसून बसला. आवाज थांबल्यावर उठला आणि बहिणीला खांदा द्यायला आला. त्याच्या बाह्यांना कापूस चिकटला होता. तो कोणी झटकला नाही.