बोंडासुराच्या आईच्या वहाणा

गोविंदाच्या मैत्रेयीला माणसं घडवायचा नाद होता. नाद म्हणजे कसा, तर ताटातली भाकर निवून जायची आणि बाईसाहेब मोबाईलवर कुण्या महावीराला जन्माला घालत बसायच्या. घाटंजीच्या कॉलेजात ती बी.ए. करायची, सुट्टीला आईबरोबर कापूस वेचायची आणि उरलेला सगळा वेळ ‘कवचनगरी’ नावाच्या खेळात काढायची. हा खेळ लिहून खेळायचा. नागपूर, नाशिक, कोल्हापूरची पोरं त्यात अचाट शक्तीचे वीर व्हायची आणि आपापली चाल लिहून टाकायची. पण नुसतं वीर होऊन भागत नाही, त्याला जन्मकथा लागते. शक्ती कुठून आली, मर्म कुठे आहे, हे सांगावं लागतं. तिथे भल्याभल्यांची बोबडी वळायची, मग ती सगळी मैत्रेयीच्या दारात यायची. खेळात तिचं नाव ‘निळाई’. ती खरी कोण, कुठली, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिने गावाबाहेरची माणसं पाहिली होती कुठे? म्हणून ती गावातलीच उचलायची. तांड्यावरची सुईण रामीबाई तिच्याकडे तळहातांनी ऐकणारी वीरांगना झाली होती. आणि हा सगळा कच्चा माल यायचा बापाकडून. गोविंदा पुंडलिकरावांचा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीने राबणारा गडी. पुंडलिकरावांची शेती मोठी, शिवाय गावात बियाण्याचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. सकाळी शटर उघडून झाडलोट करायची आणि मग वावरात जायचं, असा गोविंदाचा नेम. दिवसभर तोंडाला कुलूप लावून वावरणारा हा माणूस संध्याकाळी जेवायला बसला की असा खुलायचा की मैत्रेयीच्या आईला, मथुराबाईला, भाजी वाढायचं भान राहत नसे.

२०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने सगळ्यांच्या तोंडचा घास पळवला. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी. “याले अळी शिवत नाही” असं सांगून पुंडलिकरावांनी बियाणं विकलं होतं. लोक विचारायला गेले तर उलट लोकांनाच झापलं, की माझा माल देवाचा आहे, फवारणी तुमची चुकली. मैत्रेयीचं डोकं सणकलं. त्या रागात तिने एक खलनायक घडवला, बोंडासुर. तो बियाणं विकायचा, पीक गेलं की शेतकऱ्यालाच दोषी ठरवायचा आणि म्हणायचा, माझा माल देवाचा.

खलनायकालाही मर्म लागतं. गोविंदाने एकदा जेवताना सांगितलं होतं, की मालक गल्ल्यावर बसायच्या आधी दुकानातलं कपाट उघडतात. आत त्यांच्या मेलेल्या आईच्या वहाणा फडक्यात बांधून ठेवल्या आहेत, त्यांवर डोकं टेकतात. एवढा दांडगा माणूस, पण तिथे लेकरासारखा वाकतो. गोविंदाने हे मायेने सांगितलं होतं. मैत्रेयीने बोंडासुराचा प्राण त्या वहाणांत ठेवला. खेळात एकच धमाल उडाली. असा खलनायक कुणी पाहिलाच नव्हता. त्या वहाणा कशा पळवायच्या आणि कशा जाळायच्या, याचे बेत कोल्हापूरपर्यंत रंगले.

पाडव्याच्या आठवडाभर आधी कुणीतरी खेळातल्या त्या पानांचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकले. ‘माझा माल देवाचा’ वाचून गाव पोट धरून हसलं. वहाणांचं कुणाला कळलं नाही. मालकांच्या लेखी त्या कपाटाची गोष्ट जगात दोघांनाच ठाऊक होती, एक मालक आणि दुसरा त्यांचा सालदार.

पुंडलिकराव पाच-सहा दिवस काहीच बोलले नाहीत, आणि मैत्रेयीला त्याचीच धास्ती बसली. गोविंदाच्या घरी गुढी उभी राहत नसे, पण सालदाराचं वर्ष पाडव्यालाच पालटतं. बोली मोडली तर ऐन उन्हाळ्यात घर उघड्यावर. बापाला सांगावं म्हणून ती रोज तोंड उघडायची आणि रोज मिटायची.

पाडव्याच्या आदल्या दिवशी पुंडलिकराव स्वतः अंगणात येऊन उभे राहिले. मथुराबाईने बाज पुढे केली, ते बसले नाहीत.

“गोविंदा, घरचा भेदी तू निघशीन असं नव्हतं वाटलं,” ते म्हणाले.

गोविंदाला काही उमगेना. या घरात मोबाईलवर लिहिणारं दुसरं कोण असणार, म्हणून पुंडलिकरावांनी आपला मोबाईल मैत्रेयीच्या हातात दिला आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. तिने वाचलं. कपाट, फडकं, टेकलेलं डोकं, सगळं. कोल्हापूरच्या पोराचं ‘जाळून टाका त्या वहाणा’सुद्धा. लिहिताना जे झकास वाटलं होतं ते बापासमोर वाचताना तिला ओंगळ वाटलं. गोविंदा मटकन खाली बसला.

“मले चोर म्हण,” पुंडलिकराव तिला म्हणाले. “आख्खं गाव म्हणून राह्यलं. माह्या मायनं तुह्यं काय बिघडवलं होतं?”

मैत्रेयीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढंच विचारून ते गेले असते तर तिने त्यांचे पाय धरले असते. पण त्यांनी पुढे अट घातली. आजच ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहायचं, की वहाणा खोट्या, बियाण्याचं खोटं, सगळंच खोटं. मग उद्या बोलीचं पाहू. मथुराबाईने मागून तिचा दंड दाबला. लिही म्हणून.

“काकाजी, वहाणांचं माह्यं चुकलं. त्याची माफी मी साऱ्या गावासमोर मागते,” मैत्रेयी म्हणाली. “पण बियाण्याचं खोटं हाय असं कशी लिहू? तेच बियाणं माह्या बापानं तुमच्या वावरात पेरलं. औषध तुमचं, फवारणी तुमच्या समोर झाली. तिथं अळी काहून पडली?”

पुंडलिकराव गोविंदाकडे वळले. “उद्या पाडवा हाय,” एवढंच म्हणाले आणि निघून गेले.

तिने ग्रुपवर स्वतःच्या नावाने लिहिलं. वहाणांबद्दल माफी मागितली आणि बियाण्याबद्दल एक अक्षर मागे घेतलं नाही. मग खेळातूनही वहाणा काढून टाकल्या. तिकडे पोरांनी बोंब ठोकली, पण तिने मोबाईल बंद करून ठेवला.

पाडव्याला गोविंदा सकाळपासून धुतलेला सदरा घालून ओट्यावर बसून होता. इतर सालदारांच्या बोल्या झाल्याच्या बातम्या येत होत्या. दुपार कलली तरी निरोप नाही. मथुराबाई चूल पेटवायचीही विसरली. शेवटी तांड्यावरचा किसनसिंग आला आणि मालकांनी बोलावलंय म्हणाला.

गोविंदा दिवेलागणीला परतला. साल राहिलं होतं. त्याच्यासारखा राबणारा दुसरा कुठून मिळणार होता? फक्त दुकान आता किसनसिंग उघडणार होता. गोविंदाने दुकानाची पायरी चढायची नव्हती, सरळ वावरात जायचं. मथुराबाईने हे सगळं खोदून खोदून काढलं, आणि साल टिकलं या आनंदात भाकरी थापायला बसली.

जेवताना मैत्रेयी नेहमीसारखी बापाजवळ सरकली. “आणखी काय म्हणाले मालक, बाबा?”

गोविंदाने घास खाली ठेवला. तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

“ते वहाणाचं मी तुले सांगतलं होतं, बाई,” तो म्हणाला. “जगाले नाही.”

मग तो मुकाट्याने जेवला आणि ताट उचलून हात धुवायला उठला.