ठाण्याचं उत्तर येईपर्यंत

कंटेनर गेटवर उभा आणि माल घेणाऱ्या पार्टीचा मेल काही इनबॉक्समध्ये येईना. त्या मेलमध्ये मालाचं फायनल अप्रूव्हल होतं. ते आल्याशिवाय गाडी सोडता येत नाही, आणि दुपारपर्यंत गाडी सुटली नाही तर जहाज चुकणार. प्लँट हेड पेडणेकर सर स्वतः आमच्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले.

मी डोंबिवलीत एका केमिकल कंपनीत आयटीत आहे. आमच्याकडे बाहेरचा मेल थेट कुणाला मिळत नाही. आधी तो आमच्या ठाण्यातल्या वर्तकनगरच्या ऑफिसमधल्या अँटिव्हायरस सर्व्हरकडे जातो. तो तपासतो, 'साफ आहे' असं कळवतो, मग मेल पुढे. त्या दिवशी ठाण्याहून उत्तरच येत नव्हतं. सगळे मेल रांगेत अडकलेले.

अशा वेळेसाठी एक सेटिंग असतं. उत्तर नाही आलं तर मेल तसाच आत सोडायचा. एका क्लिकचं काम. सर म्हणाले, मग करा की.

गायकवाड मॅडम आमच्या आयटी हेड. आवाज कधी चढवत नाहीत, म्हणूनच त्यांचा धाक.

"नाही सर. न तपासता एकही मेल आत घेणार नाही. याच नेटवर्कवर प्लँटचे रिॲक्टर चालवणारे कॉम्प्युटर आहेत."

"जहाज चुकलं तर जबाबदारी तुमची, गायकवाड."

"माझीच," मॅडम म्हणाल्या आणि ठाण्याला फोन लावला. मी मनात म्हटलं, आज मॅडमची नोकरी जाते.

ठाण्याच्या ऑफिसात त्या दिवशी सत्यनारायण. ॲडमिनचे परब काका सपत्नीक पूजेला बसलेले. कथा चालू असताना यजमान उठणार कसे? फोन रिसेप्शनच्या सोनालीने घेतला, तोही कुजबुजत. मी असतो तर केबल बघ, लाइन बघ, असलं काहीतरी सांगत बसलो असतो. मॅडमनी विचारलं, "चौरंग कुठे मांडलाय गं?"

सर्व्हरच्या कोपऱ्यात. कॉन्फरन्स रूममध्ये मोकळी जागा तेवढीच.

"आणि लाइटची माळ कुठे लावलीय?"

सोनाली वायर धरून मागे गेली. माळ यूपीएसच्या बोर्डात होती, लाइट गेली तरी देवासमोर अंधार नको म्हणून. आणि तिला जागा करून द्यायला काढलेला सर्व्हरचा प्लग खाली लोंबत होता. धन्य ते परब काका! मॅडमनी प्लग लावून बटण दाबायला सांगितलं. माळ विझली. काकांनी पाटावरूनच डोळे वटारले म्हणे, पण उठता कुठे येतंय?

सर्व्हर सुरू झाला आणि मेल एकेक करून तपासून यायला लागले. पार्टीचाही आला. कंटेनर गेटबाहेर पडला तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला. मॅडम डबा उघडून जेवायला बसल्या होत्या.

रांगेतल्या एकाही मेलमध्ये व्हायरस निघाला नाही. सर रिपोर्ट बघून म्हणाले, "काहीच नव्हतं की. उगाच जीव टांगणीला लावलात."

"हो सर. पण हे आपल्याला आत्ता कळलं."

ते सेटिंग आजही बंद आहे. व्हायरस सापडला असता तर मॅडमचं कौतुक सगळ्यांनीच केलं असतं. सापडला नाही, म्हणून ते मला करावं लागतंय.