ओल्या पायाचं माप

इकडे ये बघू, अशी जवळ सरक. कान धरता आला पाहिजे मला, इतकी जवळ. काल फोनवर काय म्हणालीस? "आजी, कोऱ्या कागदावर पाय ठेव, पेन्सिलनं गिरव आणि फोटो पाठव." शाबास! म्हाताऱ्या गोल्फवाल्यांसाठी बूट बनवायला घेतलेस, काठी फिरवताना त्यांचा तोल जाऊ नये म्हणून, आणि म्हाताऱ्या पायांची मापं तू घेणार फोटोवरून? अगं, खुर्चीत बसून गिरवलेला पाय तुला काय सांगेल? तो तर आराम करतोय!

फोन ठेवल्यापासून मला एका जागी बसवत नाहीये. हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून किचनमध्ये. कामवाली म्हणाली, "आजी, काय टेन्शन आहे का?" म्हटलं, "टेन्शन नाही गं, ओहोटी लागलीय." तिला वाटलं म्हातारीचं डोकं फिरलं. पण ही चुळबुळ मुळात माझी नाहीच, माझ्या सासऱ्यांची आहे. तीच आता या पत्रात लिहून काढते, म्हणजे निदान हात तरी एका जागी राहतील.

तू त्यांना पाहिलं नाहीस. तुझ्या आजोबांचे वडील. मी त्यांना मामा म्हणायची. लग्न होऊन मी करावे गावात आले ती साठ सालाच्या आगेमागे, नक्की साल विचारू नकोस. माहेर करंजाड्याचं, भातशेतीचं, तेव्हा चिखल मला नवा नव्हता. पण शेतातला चिखल पाय धरतो नि सोडतो, खाडीतला नुसता धरतोच. घरात आम्ही तिघं. सासूबाई मी यायच्या आधीच गेलेल्या. तुझे आजोबा खाडीपलीकडे, मुंबईच्या अंगाला, एका गोल्फच्या मैदानावर गवत कापायच्या कामाला होते. तिकडेच राहायचे आणि सुट्टीला होडीनं घरी यायचे. एरवी घरात मी आणि मामा, आणि कुडापलीकडे चुलतसासू. तिला मी काकी म्हणायची. आमच्या चुलीवर काय शिजतंय ते तिला आमच्याआधी कळायचं.

मामा पागेरा होते. पाग म्हणजे हातानं फेकायचं गोल जाळं, कडेला शिसं ओवलेलं. त्याची दोरी मनगटाला बांधायची, अर्धं जाळं कोपरावर घ्यायचं, कड दातांत धरायची आणि कमरेतून असं वळून भिरकवायचं की हवेत ते भाकरीसारखं गोल उघडलं पाहिजे. बघणाऱ्याला वाटतं सगळा जोर दंडात आहे. तो पायातून येतो गं.

ओहोटी लागली की मामा घरात ठरायचे नाहीत. आमच्याकडे घड्याळ नव्हतं, पण बसल्या बसल्या त्यांच्या पायाचे अंगठे हलायला लागायचे. मग उठायचे, अंगणात फेऱ्या घालायचे, पाग खुंटीवरून काढायचे, परत टांगायचे, परत काढायचे. शेवटी "पानी चाल्लं गो पोरी" म्हणून निघायचे. ताटात भात वाढलेला असला तरी.

त्यांची जागा ठरलेली. खाडीचं खारं पाणी भातात शिरू नये म्हणून मातीचा बांध होता, आणि बांधाला पाणी सोडायचं दगडी दार. त्याला उघाडी म्हणायचे. ओहोटीला तिथून पाणी पडतं नि खाली बोयी मासे जमतात. उघाडीच्या त्या शेवाळलेल्या दगडावर उभं राहून मामांनी उमर काढली होती. आणि एका पावसाळ्यानंतर ते तिथूनच घसरून खाली गेले. मनगटाला दोरी, दोरीला ओला पाग, आणि मामा कमरेइतके चिखलात. भरतीचं पाणी वळलं असतं तर संपलंच होतं. निवट्या, म्हणजे चिखलातले मासे, पकडायला गेलेल्या बायकांनी ओढून काढलं, आणि त्यात काकी!

ती लांबूनच ओरडत आली, "सूनबाय, तुजा सासरा धरला गो आज आमी! चांगला मोठा हाय, कालवनाचं पानी ठेव!"

सगळी आळी हसली. मामा हसले नाहीत. मी पायावर पाणी घालत होते, तर स्वतःच्या पायांकडे परक्याचे असल्यासारखे बघत म्हणाले, "बोटं आखडली." खरंच आखडली होती. चिखलात नि शेवाळावर माणूस बोटं फाकवून उभा राहतो, आणि मामांची बोटं जुडी बांधल्यासारखी एकमेकांना चिकटलेली.

तुझे आजोबा सुट्टीला आले. अंगणात पाय ठेवायच्या आधीच काकीनं त्यांना सगळं सांगून टाकलं होतं.

"बस झाला आता, बाबा. माज्याबरोबर पलीकडं चला. खोली हाय, ओटा हाय. बसून ऱ्हावा."

"बसून काय करू?"

"काय करायचं? बसायचं."

"आनि ओहोटी लागल्यावर?"

 आजोबांच्या मनात भीती बसली होती. म्हणाले, अमावास्येच्या उधाणाला मी परत येईन, समोर उभा राहून बघीन. पाय घसरला की त्याच दिवशी पाग चुलत्याला, काकीच्या नवऱ्याला, द्यायचा आणि होडीत बसायचं.  मामांच्या पायाचे अंगठे तेवढे हलत होते.

आजोबांनी येताना एक बुटांची जोडी आणली होती. मैदानावरच्या कुणा म्हाताऱ्या साहेबानं टाकून दिलेली. वरून चामड्याचे, आणि तळाला बोटाच्या पेराएवढे खिळे! मी म्हटलं, हे काय, माणसानं पायाला काटे लावून घ्यायचे? तर त्यांनी काठी घेऊन अंगणात दाखवलं. साहेब असा उभा राहतो, कमरेतून असा वळतो आणि फाडकन चेंडू मारतो. वय झालं की वळताना पाय सुटतो, म्हणून खिळे.

मामा ओट्यावरून ताडकन उठले. "आरं, हा तं पाग टाकतोय!" परत दाखव म्हणाले. परत दाखवलं. "आनि मासा?"

"मासा नाय. चेंडू भोकात जातो."

"मंग?"

"मंग पुढचं भोक."

मामा परत ओट्यावर बसले आणि म्हणाले, "येड्यांचा बाजार. पन उभा बराबर ऱ्हातो."

आजोबा गेले आणि दुसऱ्याच दिवशी मामा ते बूट घालून बांधावर. आता आपल्यात जाळ्याला चामड्याचं पायताण लागू द्यायचं नाही, ही घरोघरची रीत. काकीनं तिथूनच सुरुवात केली. बांधावर माती टाकत असलेली माणसं वेगळीच तापली. "आदीच खेकडे-चिंबोऱ्या बांध पोखरतात, त्यात तुमचे खिळे! खांड पडली नि खारं पानी शिरलं तर भात कोन देनार?" मामांनी कुणाचं ऐकलं नाही. मी टोपली घेऊन मागोमाग गेले होते. उघाडीच्या दगडावर ते खिळे करकरा सरकले, अनवाणी पायाहून वाईट. म्हणून मामा खाली चिखलात उतरले. तिथे खिळे असे रुतले की दोन्ही पाय खुंटासारखे गाडलेले. मामा कमरेतून वळले, पाय वळले नाहीत, आणि गुडघा मुरगळला. बूट हातात घेऊन लंगडत घरी आले. अमावास्या तर जवळ येत चाललेली.

मला चैन पडेना. भात निवडताना, भांडी घासताना, डोळ्यांसमोर तेच. अनवाणी पाग टाकताना मामांचे पाय मी पाहिले होते, आणि ते दोन्ही एक काम करत नव्हते. डावा जागेवर राहत होता, जात्याच्या खालच्या तळीसारखा. उजव्याची टाच उचलत होती आणि तो चवड्यावर फिरत होता, वरच्या तळीसारखा. मग दोघांना एकसारखे खिळे कशाला? मी सूप कोपरावर घेऊन अंगणात वळून बघायला लागले. पाय कुठे अडतो, कुठे फिरतो. कुडावरून काकी, "अंगात आलं का गो तुज्या? नारळ आनू?"

मग विहिरीवर गेले तेव्हा एक झालं. काठाचा दगड बुळबुळीत, त्यावर काथ्याचा दोर पडलेला. मी चुकून त्यावर पाय दिला आणि पाय जिथल्या तिथे राहिला. शेवाळात काथ्याचे केस घुसतात ना. घागर तशीच ठेवून मी घरी पळाले.

काथ्या वळून तळ केला, वरून जुन्या पागाचं जाळं शिवलं. आणि माप कसं घेतलं माहीत आहे? मामांना ओट्यावर बसवलं आणि कोळशानं पाय गिरवला. अगदी तुझ्यासारखं! घालून बघितलं तर झकास बसलं. मामा खूश होऊन उघाडीवर गेले आणि थोड्याच वेळात दारातून हाक, "पोरी, कोयता आन!" जाळ्याचं सूत भिजून आवळलं होतं. पाय काळानिळा, आणि जी बोटं फाकायला पाहिजेत तीच आणखी जखडलेली. कापून काढावं लागलं.

मामा म्हणाले, "जाऊ दे. पलीकडं ओटा हाय म्हनतो ना तो." आणि पाग खुंटीला लावून बसले. ओहोटी होती गं तेव्हा, भर ओहोटी! आणि मामा बसले होते. ते मला बघवेना.

मी काथ्या नि जाळं दोन्ही खाऱ्या पाण्यात भिजत घातलं. अंगणातल्या धुण्याच्या दगडावर ओला चिखल थापला. म्हटलं, "मामा, उठा. यावर उभं राहा. पाग घ्या कोपरावर." ते कुरकुरत उभे राहिले. मी खाली बसून ओल्या दोरीनं ओला पाय मापला.

काकी होतीच. "किती पाया पडशील गो! मोक्ष भेटला तुला!"

मी म्हटलं, "मामा, फेका."

"हितं? आंगनात?"

"फेका हो!"

त्यांनी फेकला. पाग कुडावरून गेला आणि काकीच्या कोंबडीवर पडला. तिकडे जो आरडाओरडा झाला तो सोड. माझे डोळे पायांवर होते. वळताना डाव्या पायाचा भार बाहेरच्या कडेवर आला आणि पाय तिकडे रुंद झाला. बसलेल्या पायात ही रुंदी कुठून दिसणार? मग डावा तळ बाहेरून रुंद केला, सगळीकडे काथ्याच्या गाठी आणि बोटं उघडी. उजव्याला गाठी फक्त पुढे, टाचेला गुळगुळीत जुनं लुगडं, म्हणजे फिरायला मोकळी. कोंबडी सोडवून झाल्यावर काकी आमच्याकडे आली, ते सगळं उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाली, "ह्यात चामडं नाय. जाळ्याचंच हाय, जाळ्याला चालतं." आणि शिव्या देतच घरचं फाटकं जाळं आणून दिलं, वरच्या पट्ट्यांना.

अमावास्येला तुझे आजोबा आले. जेवलेसुद्धा नाहीत, सरळ उघाडीवर. मी आणि काकी बांधावर उभ्या. मामा दगडावर चढले आणि नुसते उभे राहिले. पाणी पडतंय, बोयी उड्या मारतायत, आणि मामा फेकत नाहीत. उजवा पाय ठेवतात, उचलतात, परत ठेवतात.  काकीनं माझा दंड धरला, काकीनं! यावरून काय ते समज.

मग एकदम वळले. पाग उघडला. पूर्ण गोल नाही, एका बाजूला जरा दुमडलेला, पण उघडला. ओढायला लागले तर जड! दोरी ताणली, मामा वाकले. आजोबा धावले.

"हात लावू नको!" मामा ओरडले.

डावा पाय होता तिथेच होता. उजवी टाच उचलली, फिरली, परत टेकली. मामा मागे रेलले आणि हळूहळू ओढत राहिले. वर काय आलं? तिवराचं कुजकं खोड, घमेलंभर चिखल आणि एक चिंबोरी, तीही मऊ कवचाची.

काकी म्हणाली, "एवड्यासाठी माजी कोंबडी मरायला टेकली व्हती?"

मामा हसायला लागले. पडल्यापासून पहिल्यांदा.  तुझे आजोबा खाली बसून पागातल्या काटक्या काढायला लागले. होडीचा विषय निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी जाताना मला एवढंच विचारलं, "काथ्या पुरेल का घरात? येताना आनतो." खिळ्यांचे बूट बरोबर नेले. उजव्या टाचेचे खिळे पकडीनं उपटून टाकले होते आणि पुढे वर्षानुवर्षं ओल्या उतारावर गवत कापताना तेच घालायचे.

मामा पुढे कितीतरी वर्षं पाग टाकत राहिले. जोड झिजला की मी नवा करायची, दर वेळी परत उभं करून, परत ओलं करून, कारण पाय दर वर्षी बदलतो. शेवटी खांदा गेला म्हणून पाग सुटला, पाय घसरला म्हणून नाही.

आता माझी बोटं तशीच आखडलीत. बाथरूमच्या लादीवर भिंत धरून जाते. तुझ्या आईला सांगू नकोस, ती मला लगेच खुर्चीत बसवेल. म्हणून म्हणते, तुझं ते कागदाचं काम ठेव बाजूला. इथे ये. मला उभी कर, पाय ओले कर, हातात झाडू दे काठी म्हणून आणि फिरव. मग बघ कुठला पाय राहतो नि कुठला पळतो. तुझ्या गोल्फवाल्या म्हाताऱ्यांनाही असंच उभं करून बघ, लाजतील, लाजू देत. पण आधी माझ्याकडे ये. नेरूळला उतर आणि फोन कर, मी खाली गेटवर येऊन थांबते. या रविवारीच ये गं, पुढच्या नको.