भामाबाई हाडं बघायला गेल्या

मिरजगावच्या हायवेलगत सहादूंचं पंक्चरचं दुकान होतं. समोर अपघात झाला की हातातला पाना टाकून ते धावत. जखमींना त्यांनी पुष्कळदा उचललं. घरी आल्यावर बायकोला, भामाबाईंना, म्हणत, "पाय मुरगळून हाड मोडलं तर एका जागी मोडतं. गाडीनं उडवलं की पार चुरा व्हतो. असं का, कुनीतरी बघाया पायजे."

म्हणूनच त्यांनी देहदानाचं ठरवलं. ते गेले तेव्हा अँब्युलन्स अंगणातूनच त्यांना नगरच्या मेडिकल कॉलेजला घेऊन गेली. मागे मूठभर राखही राहिली नाही. भामाबाई विहारात मेणबत्ती लावायच्या, पण जीव तिथे रमायचा नाही. रस्त्यात कुणी पाठमोरा माणूस सहादूंसारखा चालताना दिसला की पावलं आपोआप जड व्हायची. शेवटी त्या लेकीला, शुभांगीला, म्हणाल्या, "मला नगरला ने. ते कुठं हायत ते बघू दे."

कॉलेजच्या प्रयोगशाळेत डॉ. शॅरन नावाच्या तरुण बाई होत्या. त्यांनी भामाबाईंना बसवलं, चहा मागवला. उंच लोखंडी चौकट दाखवली. तिच्यातून वजन खाली सुटतं आणि देहदानातून आलेल्या हाडावर आदळतं.

"हळूहळू दाबलं तर हाड कमी जोरानंही मोडतं, पण तुकडे थोडेच होतात," त्या म्हणाल्या. "झटक्यात आदळलं तर ते जास्त ताठ होतं, जास्त जोर सोसतं. मात्र सोसलेलं सगळं मोडताना एकदम सुटतं. म्हणून चुरा होतो."

"ह्येच इचारायचे ते." भामाबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. "त्यांचं हाड हितं हाय का?"

"इथं नावं नसतात, मावशी. असेलही, नसेलही. खोटं कसं सांगू तुम्हाला?"

भामाबाई उठल्या. चौकटीच्या गार पट्टीवर त्यांनी तळहात टेकवला. नवऱ्याला ताप आला की कपाळावर ठेवायच्या, तसाच. शुभांगी खिडकीकडे वळली. कुणी घाई केली नाही.

परतताना एसटीत त्या खिडकीशी बसल्या. रुईछत्तीशी गाव मागे पडल्यावर म्हणाल्या, "माझंबी नाव तिथं देऊन टाक."

"आई, तुला बाबांच्या शेजारी ठेवतील असं काही नाही."

"न्हाई ठिवलं तरी एका इमारतीत तर आसू."

शुभांगीनं आईचा हात मांडीवर घेतला आणि मिरजगाव येईपर्यंत सोडला नाही.