दारासमोरचा पक्षी

“सर, हे काढा. कागदाला हात पुसल्यासारखं दिसतंय,” अण्णा म्हणाले. अण्णा आमच्या चित्रप्रदर्शनाचे अध्यक्ष. उद्घाटनाचे पाहुणे यायला निघाले होते आणि कळंबच्या हॉलमध्ये मी शेवटचं चित्र दारासमोरच्या बोर्डावर लावत होतो. मी शाळेत ड्रॉइंग टीचर, त्यामुळं चित्रं लावायचं काम दरवर्षी माझ्याकडंच.

चित्र चारकोलचं होतं. चारकोल म्हणजे जळालेल्या काडीचा कोळसा. बोट लागलं तरी पसरतो, म्हणून वरून फिक्सेटिव्हचा स्प्रे मारतात. तो मारायचा राहिला होता.

समुद्राकाठी वाऱ्याला तोंड देऊन उभा एक पक्षी. एक पंख पुरा, दुसरा म्हणजे नुसता काळा फराटा. लाटा खोडरबरानं काळ्यातून पांढऱ्या काढलेल्या. सकाळी चित्रांचे पुठ्ठे उघडून हा कागद बघितला, तेव्हापासून माझं दुसऱ्या कामात लक्षच नव्हतं.

चित्र काढणाऱ्या सुनंदाताई मागंच उभ्या होत्या. ईट गावच्या, दवाखान्यात नर्स. त्यांनी अण्णांचं बोलणं ऐकलं.

“राहू द्या सर. नेते मी घरी.” त्या टाचण्या काढायला लागल्या. घाईत कागद गुंडाळला असता, तर पक्षी कागदभर फासला गेला असता.

“थांबा ताई. हा फराटा कसा मारलात?”

“कोळसा आडवा धरून, एका झटक्यात. कोकणात ट्रिपला बघितला होता हा. उडायला बघायचा अन् वारं मागं ढकलायचं. पिसं काढत बसले असते तर ते वारं आलंच नसतं.”

मी सरळ अण्णांचा हात धरला.

“जरा दारापाशी चला.”

“अहो, पाहुणे येतील.”

“येऊ द्या.”

दारातून अण्णांनी वळून बघितलं. लांबून ते फराटे एक झाले होते, पक्षी पुढं झुकला होता. अण्णा हळूच म्हणाले, “लई वारं हाय की तिथं.”

“काढू का मग?”

“हात लावू नका त्याला.”

ताईंनी टाचणी परत खोचली. मी पळत जाऊन स्प्रे आणला.

पहिलं बक्षीस एका रंगीत मोराला मिळालं. पण त्या दिवशी अण्णा आल्यागेल्याला दारातच अडवत होते, “इथनं बघा, इथनं.” एवढी गर्दी झाली की उद्घाटनाचे पाहुणे बाहेर ताटकळले. तेव्हापासून असं चित्र मी दारासमोर लावत नाही. दाराकडच्या भिंतीवर लावतो, म्हणजे लांबून बघणारे हॉलच्या आत जातात आणि दार मोकळं राहतं.